जळाईचं अंथरूण

"वैनी, कुंडाच्या पान्याला वास मारतोय," केरबाकाका म्हणाला. "देवीचं पानी हे. अशा घाणीत ती ऱ्हाईल व्हय?"

शिमगा नुकताच होऊन गेला होता. काका कुंडाच्या वरच्या पायरीवर नाकाला उपरणं लावून उभा होता आणि आई खालच्या पायरीवर पूजेची भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी घासलेली भांडी विसळत होते. वास येत होता हे खरं, पण तो आम्हाला जन्मापासून येत होता आणि काकालाही येत होता. त्याच कुंडात तो पोहायला शिकला होता. आज एकाएकी त्याचं नाक कुठून जागं झालं, ते मला कळेना.

"ह्यांनी कधी गाळाला हात लावू दिला न्हाई, भावजी," आई म्हणाली.

"दादाला दमा होता. खाली उतरवत न्हवतं, म्हनून कायबाय सांगायचा. आता तुमची गोष्ट येगळी. अखितीला सगळ्या गावाम्होरं हुंकार मागायचाय तुमास्नी. ते असल्या कुबट पान्यात मागनार?" काका दोन पायऱ्या खाली उतरला. आवाज अगदी मऊ. "माझं गडी लावून देतो. तुमी निस्तं व्हय म्हना."

आई माझ्याकडं बघू लागली. मी काय सांगणार? वडील जाऊन जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते आणि तेवढ्यात आमच्याशी गोड बोलणारं हे पहिलंच माणूस. आई "व्हय" म्हणाली.

आम्ही जळाईचे गुरव. वारणेच्या खोऱ्यात डोंगराच्या पायथ्याला जळाईचं देऊळ आहे, देवळापुढं दगडी कुंड, कुंडावर एक जुना उंबर आणि दोन करंज. पूजेची पाळी गुरवांच्या दोन घरांत होती, एक वर्ष आमच्याकडं, एक वर्ष केरबाकाकाकडं. काका म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. देवळाला लागून असलेल्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो त्या आमच्या नव्हत्या, पाळीच्या होत्या. देवीच्या नावचा जमिनीचा तुकडाही पाळीचाच. म्हणजे पाळी गेली की घर गेलं आणि भाकरीही गेली, इतका सरळ हिशेब होता.

वडील गेले ते नेमके आमच्या पाळीच्या वर्षात. मुलगा नाही, एकुलती एक मी. पहिल्या दिवसापासून आईनं कुणाला न विचारता पूजा चालू ठेवली. दिवस घातल्यावर काकानं तात्या पाटलांपुढं गोष्ट काढली. बाईमाणसानं गाभाऱ्यात जायचं, तेही रांडमुंड बाईनं, असं आजवर झालं नाही, दोन्ही पाळ्या आता माझ्याकडं द्या. पाटील भला माणूस, पण कुणाचंच मन मोडवत नसे त्याला. त्यानं त्याच्या स्वभावाप्रमाणं निर्णय देवीवर ढकलला. अखितीला तानूबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, जळाईपुढं हुंकार मागावा. देवीनं दिला तर पाळी तिची. नाही दिला तर दोन्ही पाळ्या केरबाच्या.

हुंकार हे आमच्या देवीचं वैशिष्ट्य. कुणाला विहीर काढायची असो, सोयरीक ठरवायची असो, माणसं कुंडावर यायची. गुरव पळसाच्या पानावर कापूर पेटवून ते पान पाण्यावर सोडायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. कापूर विझायच्या आत खालून बुडबुडे आले की देवीनं हुंकार दिला. आले नाहीत की नाही म्हणाली. क्वचित एखादा बुडबुडा नेमका जळत्या कापराखाली फुटला तर निळसर जाळ लप्पकन उठून विझून जायचा. मग तर विचारायलाच नको, बायका जागच्या जागी पाया पडायच्या.

वडील देवळातलं सगळं निर्माल्य कुंडातच सोडायचे. बेल, झेंडू, हार, केळीचे खुंट, यात्रेतला उरलेला नैवेद्य, सगळं. "देवीचं देवीला" एवढंच म्हणायचे. लहानपणी मी एकदा त्यांना विचारलं होतं, की दादा, सगळ्या गावाच्या विहिरी उपसतात, आपण कुंड का उपसत नाही? तेव्हा ते म्हणाले होते, "खाली गाळ न्हाई, जळाईचं अंथरूण हाय ते. झोपलेल्या मानसाचं अंथरूण कुनी वढून घेतंय का?"

मला ते पटलं होतं. मोठी झाल्यावर ते लहान मुलीला सांगायचं उत्तर वाटायला लागलं. आईलाही तसंच वाटलं असणार, नाहीतर ती काकाला व्हय म्हणाली नसती.

काकाचे गडी आले आणि त्यांच्यामागून निम्मा गाव आला. देवीचं काम म्हटल्यावर कोण मागं राहतो? आधी घागरींनी पाणी उपसलं, मग माणसं गाळात उतरली. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. फावडं मारलं की त्यातून फसफस निघायची आणि असा वास सुटायचा की धट्टीकट्टी माणसं तोंड फिरवायची. मी पाट्या उचलू लागले होते. संध्याकाळी बघते तर माझ्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काळ्याठिक्कर पडलेल्या. आईनं त्या राखेनं घासल्या तेव्हा कुठं त्या पुन्हा उजळल्या.

काका स्वतः कुंडात उतरला नाही. वरून सांगत होता. "त्या कोपऱ्यात बघा. दगड लागंस्तवर काढा. काय ठिवू नगा." गाळ नेऊन टाकायची जागाही त्यानंच दाखवली. देवळामागं कुंभारांनी माती काढून काढून पडलेला एक मोठा खड्डा होता. देवळातलं न्हाणाचं पाणी नालीनं त्याच खड्ड्यात जायचं, त्यामुळं त्यात बारमाही ओल असायची. गाळाच्या पाट्या तिकडं रित्या झाल्या, वर उपसलेलं पाणीही तिकडंच गेलं.

"आनि वैनी, आता निर्माल्यबी त्या खड्ड्यातच टाकत जावा," काका जाताना म्हणाला. "कुंड आरशावानी ठिवायचं."

झऱ्याच्या पाण्यानं कुंड भरलं तेव्हा ते खरोखरच आरशासारखं दिसायला लागलं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. गावानं आईला नावाजलं, काकाला जास्त नावाजलं. मीही मनातल्या मनात त्याच्याबद्दलचं मत जरा बदललं होतं.

त्यानंतर आठवडाभरात दौलू माळी हुंकार मागायला आला. वरच्या पट्टीत विहीर काढावी का न काढावी, असा त्याचा प्रश्न होता. आईनं पान सोडलं, गाऱ्हाणं घातलं. कापूर जळला, विझला, पान काळं झालं. पाणी जसंच्या तसं. दौलू म्हणाला, नाही तर नाही, दुसरीकडं बघू. त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग शेजारच्या वाडीची एक बाई सुनेच्या बाळंतपणाचं विचारायला आली. पुन्हा तेच. तिच्यामागून आलेल्या माणसालाही तेच. कुंडात एक बुडबुडा म्हणून उठेना.

गावात कुजबूज सुरू झाली. देवी रुसली. बाईच्या हाताची पूजा तिला चालेना. पारावर कुणी काकाला विचारलं की तो कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "मी काय बोलत न्हाई बाबा. दादाची बायकू हाय ती. पर जळाईचं मन आपुन कोन जाननार?" आम्ही पाण्याला निघालो की हे सगळं आमच्या कानावर पडेल अशा बेतानं बोललं जायचं.

आई गप्प झाली. बोलणं तिचं मुळातच कमी होतं, ते आता अगदीच आटलं. एका दुपारी ती फडताळातली भांडी खाली काढून आपली कुठली आणि देवळातली कुठली ते वेगळं करायला बसली. मी विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, "जायाची येळ आली तर घाई नगं." मामाच्या गावी तिनं निरोप धाडला होता. मामाचं उत्तर मामीच्या तोंडूनच आलं असणार, कारण ते असं होतं, की खुशाल या, पण म्हैस आणू नका, आमच्या गोठ्यात जागा नाही. ते ऐकून मला रडू आलं. आई म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

अखिती आठवड्यावर आली होती. उन्हाचा तडाखा असा, की दगडावर पाय ठरत नव्हता. मी सकाळचं निर्माल्य घेऊन कुंभाराच्या खड्ड्याकडं गेले. खड्ड्यात गाळावर हातभर पाणी साचलेलं होतं, त्यावर आम्ही रोज टाकलेले बेल आणि झेंडू कुजून तपकिरी झाले होते. मी परडी उलटी केली आणि परत फिरणार तेवढ्यात ऐकलं. भातावर झाकण हलावं तसा बारीक आवाज.

वळून बघितलं. पाण्यावर बुडबुडे येत होते. एका ठिकाणी थांबले, दुसऱ्या ठिकाणी आले. मी बाजूला पडलेली काठी घेतली आणि गाळात खुपसली. काठीभोवती बुडबुड्यांचा नुसता घोस वर आला.

मी धावत घरी आले.

"आई, खड्ड्यात चल."

"कशाला?"

"जळाई खड्ड्यात बोलायला लागलीया."

माझी जीभ झडावी असं काहीतरी ती बोलणार होती, पण माझं तोंड बघून चालू लागली. खड्ड्याच्या काठावर ती वाकून बघू लागली. मग काठी मागून घेतली, स्वतः खुपसून बघितली. बुडबुडे आले. तिनं मला घरी पाठवून कापूर आणि पान आणवलं. पान पाण्यावर ठेवलं, काठी हळूच शेजारी दाबली. निळा जाळ तिच्या मनगटापर्यंत आला आणि विझला. हातावरची लव करपल्याचा वास आला. तिनं हात झटकला नाही की मागं घेतला नाही.

"अंथरूण," ती म्हणाली.

मलाही त्याच क्षणी ते आठवलं होतं. खाली बसलेलं जे होतं, पानांचं, फुलांचं, उंबरांचं, त्यातूनच हे येत होतं. गाळ कुंडात होता तेव्हा कुंडात यायचं, गाळ खड्ड्यात गेला तर खड्ड्यात. ते वडिलांना माहीत होतं, म्हणून ते कुंडाला हात लावू देत नव्हते. आणि वडिलांना माहीत होतं तर वर्षाआड त्याच कुंडावर बसणाऱ्या केरबाकाकाला माहीत नसेल?

"आई, त्यानं मुद्दाम काढून घेतलं."

"व्हय."

"त्यानं दगड लागंस्तवर काढायला लावलं."

"ऐकलं हुतं मी."

बापाच्या तिरडीला खांदा देणारा हा माणूस. दोन्ही पाळ्या हाती आल्या की सावकाश कुंडात पाला टाकून त्यानं पुन्हा अंथरूण घातलं असतं आणि देवी त्याच्या हातून बोलायला लागली असती. मी म्हणाले, "आपण पहाटे उठून गाळ परत कुंडात टाकू. दोघी मिळून. अखितीपर्यंत जेवढा हुईल तेवढा."

"आनि पानी काळं झाल्यालं गाव बघंल त्याचं काय? तानूबाईनं देवीच्या कुंडात घाण टाकली म्हनून आजच्या आज घालवतील आपल्याला."

"मग सांगू या पाटलाला. खड्ड्यावर आणून दाखवू. म्हणू, हे बुडबुडे कुजलेल्या पाल्याचे हायत, त्यात देवी नाय न् काय नाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण मी काहीतरी फार बाळबोध बोलले आहे असं. "आनि मग पाळी कशाची मागायची, वच्छे? पाल्याची?"

तिनं करपलेलं पान पाण्यातून उचललं, पदरात बांधलं आणि म्हणाली, "कुनाजवळ बोलू नगंस. म्हशीला चारा टाक जा."

मला वाटलं, झालं. ही आता मामीच्या दारात जाणार. मी पुढचे दिवस तिच्यावर रागावूनच होते. ती मात्र रोजच्यासारखी पूजा करायची आणि निर्माल्याची परडी आता माझ्या हाती न देता स्वतः खड्ड्यात टाकून यायची.

अखितीला सकाळपासूनच गाव देवळापुढं जमला. तात्या पाटील पायरीवर घोंगड्यावर बसले होते. काका नवं धोतर नेसून, फेटा बांधून आला होता. त्याची बायको, आमची काकू, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि आमच्या खोल्यांच्या कौलांकडं बघत मला म्हणाली, "पावसाआधी शाकारून घ्याया हवं बघ." घर कुणाचं होणार याचा तिला काडीचा संशय नव्हता.

आई आली. पांढरं लुगडं, हातात तबक. तिनं कुंडाच्या खालच्या पायरीवर बसून पान सोडलं आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. "जळाई, बाई म्हनून सेवा नगं आसंल तर गप ऱ्हा. हवी आसंल तर बोल." माणसं पुढं झुकली. स्वच्छ पाणी, तळाचे दगड, आणि वर जळणारा कापूर. कापूर बारीक होत गेला आणि विझला.

मग काकानं सुस्कारा सोडला. "देवीची मर्जी. आपला काय विलाज? तात्या, तुमीच सांगा आता."

पाटील घसा साफ करू लागले. तेवढ्यात आई उठली आणि गावाकडं तोंड करून उभी राहिली. इतक्या माणसांपुढं ती बोलेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"तात्या, एक इचारती. जळाई कुंडात हाय का?"

"म्हंजी?" पाटील म्हणाले.

"ह्या कुंडात तिनं आजवर कधी कुनाला न्हाई म्हटलं आसंल, कुनाला व्हय म्हटलं आसंल. पर शिमग्यापास्नं ती कुनाशीच बोलंना. दौलूभाऊंशी न्हाई, कुनाशी न्हाई. दौलूभाऊंनी काय गुन्हा केला तिचा?"

दौलू माळी मागं उभा होता, तो म्हणाला, "ते बरुबर हाय."

"आमचं मालक म्हनायचं, खाली जळाईचं अंथरूण हाय, त्याला हात लावू नगा. तात्या, तुमीबी ऐकलंय."

"म्हनायचा खरा बळवंता," पाटील म्हणाले.

"ते आपुन सगळ्यांनी पाट्या भरभरून काढलं. मीबी काढलं. माझी चूक. देवी अंथरुनावर हुती का न्हवती, हे कुनी बघितलं न्हाई. काढली आनि टाकली नेऊन." तिनं तबकातला कापूर नीट केला. "जिथं टाकली, तिथं जाऊन इचारती. मग काय ते ठरवा."

ती चालू लागली. गाव तिच्यामागून निघाला, कारण पाटलांनीच घोंगडं सोडलं होतं. काका सगळ्यांच्या पुढं जायला बघत होता. "तात्या, आवो हे काय, कुंभाराच्या खड्ड्यात कुठं देवी आसती व्हय?" पण त्याचं कुणी ऐकलं नाही. तिचा बेत मला आत्ता कुठं कळत होता.

खड्ड्याच्या काठावर माणसांचं रिंगण झालं. आई काठावर थांबली नाही. लुगडं खोचून ती पाण्यात उतरली, गाळात तिचे घोटे बुडले. तिनं पान सोडलं, कापूर पेटवला आणि तेच गाऱ्हाणं घातलं. शब्दही तेच. नंतर एक पाऊल पुढं टाकलं, अंगाचा सगळा भार त्या पायावर दिला.

बुडबुडे तिच्या पायापासून पानापर्यंत ओळीनं गेले. निळा जाळ उठला, एकदा, आणि लगेच पुन्हा. दिवसाढवळ्याही सगळ्यांना दिसला.

बायकांनी हात जोडले. कुणीतरी "जळाईच्या नावानं चांगभलं" म्हणालं आणि ते सगळ्या काठावरून फिरलं. तात्या पाटलांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. उकिरड्याच्या कडेला इतक्या भक्तीनं उभी राहिलेली माणसं मी पुन्हा कधी बघितली नाहीत.

"आवो पर हे तर..." केरबाकाका म्हणाला.

आई पाण्यातच होती. तिनं वळून त्याच्याकडं बघितलं. "काय भावजी?"

"काय रं केरबा?" पाटील म्हणाले. "हे तर काय?"

काकानं तोंड उघडलं होतं. मला त्याच्या तोंडातलं वाक्य दिसत होतं, मीच ते आठवड्यापूर्वी बोलले होते. हे कुजलेल्या पाल्याचे बुडबुडे आहेत. एवढं म्हणायचं होतं. पण ते एकदा म्हटलं की कुंडातलेही तेच, त्याच्या हातचेही तेच, त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या हातचेही तेच. मग कसली पाळी आणि कसली जमीन? त्यानं गावाकडं बघितलं. पाटलांच्या अनवाणी पायांकडं बघितलं. त्याचा थोरला मुलगा समोरच्या काठावर हात जोडून डोळे मिटून उभा होता, त्याच्याकडं बघितलं.

"काय न्हाई," काका म्हणाला. "जळाई हाय."

आणि त्यानं हात जोडले.

पाटलांनी तिथंच सांगितलं, पाळी तानूबाईची. आणि देवीला सन्मानानं परत तिच्या कुंडात न्यायची, आजच. पहिली पाटी कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न निघाला. मान गुरवाचा. केरबाकाका नवं धोतर वर खोचून खड्ड्यात उतरला. हलगी लागली होती, बायका पुढं पाणी शिंपडत होत्या आणि काकाच्या फेट्यावरून काळा गाळ ओघळत होता. काकू माझ्याशेजारी नव्हती, ती कधीच घरी गेली होती. मी हसू दाबायला पदर तोंडात धरला होता, तो आईनं खसकन ओढला.

त्यानंतर आई जगली तोवर एक वर्षाआड पाळी तिच्याकडं राहिली. काका वाईट वागला नाही. पाळी बदलताना दोघं देवळाच्या किल्लीसाठी आणि समयांसाठी एकमेकांच्या दारात जायचे, "वैनी", "भावजी" म्हणून बोलायचे. त्या दिवसाबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. गाळाला पुन्हा कुणी हात लावला नाही. हुंकार मागायला आलेल्याला आई आधी बाजूला बसवायची आणि त्याला स्वतःला काय हवं आहे ते खोदून खोदून विचारायची. नको असलेल्या ठिकाणी द्यायला काढलेल्या मुली असल्या तर त्यांनाही विचारायची. मग खालच्या पायरीवर उतरायची. कुठं पाय दिला की काय होतं हे तिला एव्हाना पाठ झालं असणार. मी विचारलं नाही.

माझं लग्न होऊन मी खाली सपाटीच्या गावात आले. बऱ्याच वर्षांनी आमच्या गोठ्यामागं गोबरगॅसचा खड्डा झाला. तो बांधून देणारा माणूस मोठा बोलका होता. शेण, पालापाचोळा, काहीही असो, हवा लागू न देता पाण्याखाली कोंडलं की त्यातले जंतू ते खातात आणि त्यातून मिथेन नावाचा वायू सुटतो, असं तो मला समजावून सांगत होता. तळी, दलदल, भाताची खाचरं, जिथं जिथं चिखलात काही कुजतं तिथं तो असतो, म्हणाला. वास येतो तो मिथेनचा नाही, त्याच्यासोबतच्या दुसऱ्या वायूचा. त्यानंच चांदी काळी पडते. मी माझ्या तोरड्यांकडं बघत होते. त्यानं शेगडीची कळ फिरवून काडी लावली तेव्हा निळा जाळ लप्पकन उठला आणि तो म्हणाला, "घाबरू नका ताई." मी म्हणाले, घाबरले नाही, ओळखीचा आहे.

त्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून वाती वळत होती. डोळे अधू झाले होते, पण बोटं चालत होती.

"मिथेन," मी म्हणाले. "नाव आहे त्याला."

"आसंल," ती म्हणाली. "बाप तुझा अंथरूण म्हनायचा."

"आई, एक विचारते. त्या अखितीला तू खड्ड्यात उतरलीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? जळाई खरंच बोलली असं वाटलं होतं तुला?"

तिनं वात पूर्ण वळली, तबकात ठेवली, दुसरीसाठी कापूस घेतला.

"जळाई बोलली का न्हाई, ते मला कुठं ठावं," आई म्हणाली. "केरबा भावजी गप बसलं, तेवढं मी बघितलं."